कॅबिनेटसोबत मिळणारा ५०० वॅटचा एसएमपीएस पुरेल का?

आपण विचारले आहे की, ६५ वॅटचा प्रोसेसर आणि २०० वॅटचे ग्राफिक्स कार्ड असलेल्या संगणकाला कॅबिनेटमध्येच बसवून मिळणारा ५०० वॅटचा एसएमपीएस, म्हणजे संगणकाच्या सर्व भागांना वीज पुरवणारा डबा, पुरेल का. माझे मत स्पष्ट आहे: तो घेऊ नये. दोन्ही वस्तू स्वतंत्रपणे निवडाव्यात आणि एसएमपीएस आधी ठरवावा.

खोक्यावरच्या मोठ्या आकड्यापेक्षा एसएमपीएसच्या अंगावर चिकटवलेला तक्ता महत्त्वाचा असतो. त्यात +३.३, +५ आणि +१२ व्होल्ट असे रकाने असतात. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड, म्हणजे सर्वाधिक वीज ओढणारे दोन्ही भाग, १२ व्होल्टवर चालतात. त्यामुळे त्या रकान्यातील अँपिअरला १२ ने गुणावे आणि येईल तीच एसएमपीएसची खरी ताकद समजावी. असाच एक ५०० वॅटचा एसएमपीएस माझ्याकडे आला होता. त्याच्या १२ व्होल्टच्या रकान्यात २५ अँपिअर लिहिले होते, म्हणजे फक्त ३०० वॅट.

आता आपला हिशेब पाहू. कार्डाचे २०० वॅट आहेत. प्रोसेसरवर ६५ लिहिलेले असले तरी पूर्ण वेगात तो शंभरापर्यंत जाईल असे धरावे. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे यांना ५० पुरतात. एकूण ३५० झाले. शिवाय ग्राफिक्स कार्ड मिलिसेकंदाहूनही कमी वेळ आपल्या मर्यादेच्या बरेच वर उसळी घेते, आणि ती न सोसणाऱ्या एसएमपीएसमुळे गेम ऐन रंगात आलेला असताना संगणक अचानक बंद पडतो. एसएमपीएससाठीच्या, २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० मानकात अशा उसळ्या सोसण्याची अट घातलेली आहे. म्हणून १२ व्होल्टवर निदान ५०० वॅट देणारा, ५५० ते ६५० वॅटचा एसएमपीएस आपल्याला योग्य ठरेल.

८० प्लसचे ब्राँझ किंवा गोल्ड हे चिन्ह केवळ कार्यक्षमता सांगते. ९० टक्के कार्यक्षमतेचा एसएमपीएस ३५० वॅट पुरवताना भिंतीवरच्या सॉकेटमधून सुमारे ३९० वॅट घेतो आणि मधले ४० वॅट उष्णतेत जातात, एवढाच त्याचा अर्थ. जादा व्होल्टेज, जादा करंट, शॉर्टसर्किट आणि अतितापमान यांपासून संरक्षण आहे की नाही, हे माहितीपत्रकात वेगळे पाहावे लागते.

मॉड्युलर, म्हणजे केबल काढता-घालता येणारा, एसएमपीएस घेतलात तर एक गोष्ट कळकळीने सांगतो: जुन्या एसएमपीएसच्या केबल नव्याला कधीही लावू नका. एसएमपीएसकडच्या टोकाची पिनरचना प्रत्येक कंपनीची, कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचीही, वेगळी असते. मी एकदा हार्ड डिस्कला वीज देणारी जुनी साटा केबल नव्या एसएमपीएसला जोडली. ती अगदी सहज बसली, आणि बटण दाबताच हार्ड डिस्क कायमची निकामी झाली.

कॅबिनेटच्या बाबतीत पुढची बाजू जाळीची असावी, हा माझा पहिला आग्रह आहे. पुढे अखंड काच असेल आणि हवेला कडेची बोटभर फट तेवढी मिळत असेल, तर आत तीन पंखे बसवूनही त्यांना ओढायला हवा उरत नाही. त्यानंतर मापे ताडून पाहावीत: प्रोसेसरच्या कूलरची उंची, ग्राफिक्स कार्डाची लांबी आणि एसएमपीएसची लांबी. १५८ मिलिमीटर उंचीचा कूलर १५५ मिलिमीटरच्या जागेत बसवला तर बाजूची काच लागतच नाही. एटीएक्स एसएमपीएसची रुंदी १५० आणि उंची ८६ मिलिमीटर ठरलेली असते, पण लांबी १४० पासून पुढे बदलते, आणि मॉड्युलर केबलच्या वळणाला आणखी काही सेंटिमीटर लागतात. मदरबोर्डाचा आकार तर आपण पाहिलाच असेल.

एसएमपीएस तळाशी बसत असेल तर त्याचा पंखा खाली, जाळीच्या दिशेने ठेवावा, आणि ती जाळी कॅबिनेट न उचलता बाहेर काढता येते का, हे घेतानाच पाहावे. कॅबिनेट गालिच्यावर ठेवणार असाल आणि एसएमपीएसच्या वर हवेला मोकळी वाट असेल, तर मात्र पंखा वरच्या दिशेने फिरवून बसवावा.