वाचक विचारतात : पद्मपाणी, जिजाई आणि रांजणखळगे

प्रश्न : अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात पद्मपाणीच्या, म्हणजे हाती कमळ घेतलेल्या बोधिसत्त्वाच्या चित्रातल्या झुकलेल्या पापण्या पाहून माझे डोळे भरून आले. मला चित्रकलेतले काही कळत नाही, त्यामुळे सोबतच्या मंडळींनी ‘एवढे काय त्यात?’ असे विचारले तेव्हा मी गप्प राहिले. अशा प्रतिक्रियेला काही अर्थ असतो का?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपली नजर नेमकी त्या पापण्यांवर थबकली, याचा अर्थ चित्र आपल्यापर्यंत पोहोचले आहे. वाकाटक राजांच्या काळातील, म्हणजे पाचव्या शतकातील त्या चित्रकाराने मुकुट, मोत्यांचा हार, भोवतालची माणसे, माकडे आणि मोर असा मोठा पसारा मांडला, तरी पाहणाऱ्याने फिरून फिरून चेहऱ्याकडेच यावे अशी योजना केली. मान किंचित कललेली आणि उजव्या हातातले निळे कमळ इतके अलगद धरलेले, की देठावर बोटांचा भार पडला आहे असे वाटतच नाही. खडकावर माती आणि भुसा यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि तो वाळल्यावर रंग, अशी ही पद्धत. ही माहिती मला पहिल्या भेटीनंतर बऱ्याच वर्षांनी मिळाली, आणि तिने माझे भारावणे तसूभरही उणावले नाही. उलट पुढच्या खेपेला, पोपडा निघालेल्या एका जागी गिलाव्यातली बारीक काडी दिसली, तेव्हा ही माती कुणीतरी हातांनी मळली होती हे मला प्रथमच जाणवले आणि माझाही गळा दाटून आला.

प्रश्न : ‘संत तुकाराम’ चित्रपट पाहताना आई तुकाराम झालेल्या विष्णुपंत पागनिसांना हात जोडते, माझे लक्ष मात्र त्यांच्या पत्नीवरून, जिजाईवरून हलत नाही. हे चुकीचे आहे का?
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : मुळीच नाही. प्रभातच्या 1936 सालच्या या चित्रपटात गौरी यांनी साकारलेली जिजाई, लेकराच्या आजारपणाने कावून विठ्ठलावर वहाण उगारते, तेव्हा तिच्या संतापात कुठेही अभिनयाचा आव नाही. पागनिसांच्या मुद्रेवरील शांती खरी वाटते, तीदेखील समोर हा पेटलेला संसार उभा आहे म्हणून. आईंचे हात जोडणे आणि आपले जिजाईत गुंतणे, दोन्ही प्रामाणिक आहेत.

प्रश्न : निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे पाहून मला चक्क भीती वाटली. हे खळगे कोणी कोरले असावेत का?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : ते नदीनेच कोरले आहेत. पुराच्या पाण्याला भोवरा पडला, की त्यात अडकलेले दगडगोटे एकाच जागी गरगर फिरतात, खडक घासतात, आणि हजारो वर्षांत खाचेचा रांजण होतो. हा खडक लाव्हा थिजून झालेला काळा बेसाल्ट, म्हणजे ज्यात अजिंठ्याची लेणी खोदली तोच. इतक्या कठीण दगडाला पाण्याने दिलेली ती गुळगुळीत गोलाई पाहून मन दचकते, यात नवल नाही. पुन्हा जाल तेव्हा उन्हाळ्यात, पाणी ओसरल्यावर जा आणि निसरड्या कडांपासून दूर राहा. एखाद्या कोरड्या खळग्याच्या तळाशी घासून वाटोळे झालेले गोटे दिसले, तर आठवण म्हणून घरी आणू नका. पुढच्या पुरात त्यांना अजून फिरायचे आहे.