मिक्सरच्या भांड्याचे 'अवशेष' घडवणारी लेक

प्रश्न : माझी मुलगी बारावी सायन्सला आहे. जुना मोबाइल, रिमोट, मिक्सरचे भांडे यांचे साचे काढून ती प्लास्टरमध्ये ओतते आणि कडा फोडून, झिजवून त्या वस्तू हजार वर्षांनी उत्खननात सापडल्यासारख्या करते. तिला शिल्पकला शिकायची आहे. घरचे म्हणतात, एवढीच ओढ असेल तर पुरातत्त्व घे. सोबत फोटो पाठवते आहे.
– एक आई, सिंहगड रस्ता

ताई, तिला शिल्पकलेला पाठवा. पुरातत्त्व कुठे पळून जात नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचा पुरातत्त्वाचा एम.ए. पदवीनंतरच असतो आणि त्याला कुठल्याही शाखेची मुले जातात. हात मात्र याच वयात तयार होतो.

ती करते ते जगात गांभीर्याने घेतले जाते. अमेरिकेचा डॅनियल आर्शम कॅमेरे, टेलिफोन अशा वस्तू ज्वालामुखीची राख आणि स्फटिक वापरून ओततो. भविष्यातल्या कुणाला त्या जमिनीखाली मिळाल्या असाव्यात, अशा त्या दिसतात. तिने त्याचे काम जरूर बघावे आणि मग त्याची वाट सोडावी. मोबाइलपेक्षा मला तिचे मिक्सरचे भांडे जास्त आवडले. ते आपल्या ओट्यावरचे आहे.

फोटोंत एक उणीव दिसते. सगळ्या वस्तू एकाच पद्धतीने फुटल्या आहेत. लोखंड गंजून फुगते, तांब्यावर हिरवा थर चढतो, भाजलेल्या मातीच्या खापऱ्या होतात पण त्या हजारो वर्षे टिकतात. हा फरक तिच्या कामात यायला हवा. त्यासाठी तिला डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्व संग्रहालय दाखवा. आपल्याच जिल्ह्यात, घोड नदीकाठी इनामगावला तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती सापडली. तिथे चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवून पुरलेला माणूस मिळाला. घरातल्या भांड्यासारख्या वस्तूला एवढा अर्थ येऊ शकतो, हे तिला कुठल्याही व्याख्यानापेक्षा त्या संग्रहालयात जास्त कळेल. मग राजा केळकर संग्रहालयातले अडकित्ते आणि दिवे वहीत काढायला सांगा. फोटो नको, पेन्सिलच हवी. तांबट आळीत तांब्याच्या भांड्यांवर ठोक्याचे काम चालते, तेही जवळून बघू दे.

पैशाचे स्पष्ट सांगते. सुरुवातीची काही वर्षे ठरलेला पगार नसेल, आणि नुसत्या प्रदर्शनांवर घर चालेल असे धरू नका. पण साचेकाम नीट येणाऱ्याला संग्रहालयांच्या प्रतिकृती, सिनेमा-नाटकांचे सेट, मूर्तींचे कारखाने, जुन्या वास्तूंची डागडुजी अशी कामे मिळतात. म्हणून कॉलेज निवडताना तिथली ओतकामाची कार्यशाळा आधी बघा.

शिल्पकलेसाठी मुंबईचे जे.जे. कला महाविद्यालय, बडोदा विद्यापीठाची ललित कला शाखा आणि शांतिनिकेतनचे कलाभवन ही तीन नावे समोर ठेवा. राज्यातल्या इतर कला महाविद्यालयांसाठी सीईटी कक्षाची कलेची परीक्षा असते; जे.जे. आता अभिमत विद्यापीठ आहे, त्यामुळे तिथले नियम वेगळे पाहून घ्या. पोर्टफोलिओत पूर्ण झालेल्या वस्तूंबरोबर फसलेले साचेही ठेवायला सांगा, आणि प्रत्येकाखाली तो कुठे अडकला हे तिने स्वतःच्या अक्षरात लिहावे.