वर्षाचा पॅक घेऊ नका, आणि शेवटच्या नंबरवाल्यापर्यंत टीव्ही बंद करू नका

तुमची पोस्ट वाचली आणि ही आपलीच कथा कुणी लिहिली की काय, असं वाटलं. जुळे सोलापुरात राहता, टॉप गिअर या बीबीसीच्या गाड्यांच्या कार्यक्रमाचे जुने भाग बघता बघता बर्फातल्या शर्यतींचा नाद लागला, घरात सगळे हसतात, ऐन शर्यतीच्या दिवशी चॅनल गेलं, आणि केबलच्या ऑफिसात विचारलं तर "वरूनच बंद आहे" हे उत्तर. वर आता तेच म्हणताहेत की वर्षाचे पैसे एकदम भरा, सगळं चालू करून देतो. भरू का, हा तुमचा प्रश्न.

नका भरू. बाकीचं सगळं वाचलं नाही तरी चालेल, पण हे वाचा.

सेट टॉप बॉक्स कसला, एचडी घ्यावं की साधं, हे तुम्हाला कळतंच, त्यात जात नाही. मी केबलच्या धंद्यातला नाही, वकील तर नाहीच. नियमही अधूनमधून बदलतात, म्हणून मी सांगतो ते एकदा तपासून घ्या. मात्र ज्या ऑफिसानं माझा अख्खा हिवाळा खाल्ला त्याच्याबद्दल मला बोलू द्या.

जानेवारीचा शेवटचा पंधरवडा होता. गड्डा यात्रेची गर्दी ओसरत आलेली, संध्याकाळी अंगणात बसण्याइतकी थंडी. याच दिवसांत ऑस्ट्रियातल्या किट्सब्यूलची डाउनहिल, म्हणजे स्कीवरून डोंगराचा उतार सुसाट उतरायची शर्यत, असते. त्या उताराचं नाव श्ट्राइफ. लांबी तीन किलोमीटरहून जास्त, सर्वांत तीव्र जागी उतार ८५ टक्के, आणि सुरुवात होऊन काही सेकंद होताहेत तोवर 'माउसफाले' नावाची उडी. माउसफाले म्हणजे उंदराचा सापळा. १९९७ मध्ये फ्रिट्झ स्ट्रोबलनं हा उतार १ मिनिट ५१.५८ सेकंदांत उतरला होता. हिवाळ्यात ऑस्ट्रिया आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, त्यामुळे शर्यत आपल्याकडे दुपारी चारच्या आसपास येते. चहाची वेळ. यापेक्षा सोयीचा परदेशी खेळ मला माहीत नाही, क्रिकेटमध्येसुद्धा नाही.

मी वर्षाचा 'स्पोर्ट्स पॅक' भरलेला होता. चार वाजायला आले, चॅनल लावलं, तर निळ्या पडद्यावर पाटी: आपण या वाहिनीचे सदस्य नाही. फोन केला. "बॉक्स बंद करून चालू करा." केलं. "आता वायर काढून लावा." तेही केलं. "मग तुमच्या एरियात प्रॉब्लेम आहे." शेवटी स्कूटर काढली.

ऑफिस पहिल्या मजल्यावर. काचेच्या काउंटरखाली रिमोटांचा ढीग, कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या टोपलीत खराब बॉक्स, प्रत्येकावर मार्करनं लिहिलेला नंबर. काउंटरवरचा मुलगा मोबाइलवर रील बघत होता. मी चॅनलचं नाव सांगितलं. त्यानं रजिस्टर उघडलं नाही, कॉम्प्युटरकडे पाहिलं नाही. म्हणाला, "काका, पूर्ण एरियात ते चॅनल मागणारे तुम्ही एकटेच आहात. ते पॅकमधून काढलं. त्याच नंबरला भक्तीचं दिलंय की, बघा, चांगलं आहे."

म्हटलं, अरे बाबा, पैसे घेतलेस ते कशाचे? तर म्हणे, "स्पोर्ट्स पॅकचे. स्पोर्ट्स आहे की त्यात. क्रिकेट येतंय ना?"

साहेब कुठे? जेवायला गेलेत. सव्वाचार वाजता. नंतर गेलो तेव्हा साहेब पुण्याला गेलेले. त्याच्यानंतर गेलो तर "पुढच्या वर्षी अ‍ॅडजस्ट करून देतो". आणि पुढच्या वर्षी ऑफिसच दुसऱ्याकडे गेलं. नवीन माणूस अगदी गोड बोलला: "जुन्यांचं आम्हाला काही माहीत नाही, तुम्ही नव्यानं भरा."

पावती होती, पण पावती म्हणजे काय, तर व्हिजिटिंग कार्डाच्या मागे रक्कम आणि सही. कुठलं चॅनल, किती दिवस, काही नाही. ही गोष्ट मी जरा जास्त रंगवून सांगतोय असं वाटेल, पण तुमच्या पोस्टीतलं ते 'स्पोर्ट्स पॅक' वाचलं आणि डोकंच फिरलं. 'स्पोर्ट्स पॅक' या नावाला काही अर्थ नाही. त्यात काय आहे ते लिहून घ्या.

आता कामाचं. २०१९ च्या फेब्रुवारीपासून ट्रायच्या, म्हणजे टीव्ही-फोनवाल्यांसाठी नियम करणाऱ्या सरकारी संस्थेच्या, नियमांनुसार चॅनल सुटं निवडता येतं, आणि प्रत्येक पे चॅनलची कमाल किंमत चॅनलवाल्यांनाच जाहीर करावी लागते. म्हणजे तुम्हाला हवं असलेलं चॅनल पॅकमध्ये नसेल तर नुसतं तेवढंच मागा. "आमच्याकडे तसं होत नाही" हे उत्तर येईलच. तेव्हा वाद न घालता म्हणायचं, तक्रार क्रमांक द्या. क्रमांक मागितला की आवाज बदलतो, हा माझा अनुभव. थेट ट्रायला पत्र लिहायच्या भानगडीत पडू नका, ते वैयक्तिक तक्रारी सोडवत नाहीत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर आहे, तिथे नोंदवा. लगेच चमत्कार होईल असं मी म्हणत नाही. पण नोंद राहते, आणि ऑफिसला नोंद आवडत नाही.

आणि वर्षाचे पैसे का नाहीत, त्याचं खरं कारण माझ्या मते वेगळंच आहे. तुमचे दोन नाद दिसायला जवळचे, पण बघण्याच्या दृष्टीनं अगदी उलटे आहेत. गाड्यांचा कार्यक्रम शिळा होत नाही. टॉप गिअरमध्ये त्या जुनाट टोयोटा हायलक्सला समुद्रात बुडवली, पाडायच्या इमारतीच्या गच्चीवर ठेवून इमारत उडवली, तरी ती चालू झाली. हे मी कधीही बघतो, शेवट माहीत असूनही हसतो. बर्फाची शर्यत मात्र निकाल कळला की संपली. तिला पैसे द्यायचे ते मोसमापुरते, महिन्याच्या हिशेबानं. गाड्यांसाठी तर केबलचे पैसे देऊच नका. बीबीसी एंटरटेनमेंट होतं तेव्हा गोष्ट वेगळी होती, ते २०१२ च्या शेवटी आपल्याकडून गेलं. टॉप गिअरवाले क्लार्कसन, हॅमंड आणि मे हे तिघं २०१६ पासून प्राइमवर 'ग्रँड टूर' करत होते, २०२४ मध्ये तेही संपवलं. सगळं पडून आहे, पावसाळ्यात बघा.

लाइव्ह का, हे सांगतो. २०१८ च्या प्याँगचांग हिवाळी ऑलिंपिकमधली महिला सुपर-जी, म्हणजे डाउनहिलसारखीच पण जास्त वळणांची स्की शर्यत. एकेक जण उतरते, सगळ्यात कमी वेळ घेणारी जिंकते. ऑस्ट्रियाची आना फाइट पहिली, नामवंत खेळाडू उतरून झालेल्या. अमेरिकेतल्या चॅनलनं तर तिला विजेती ठरवून कॅमेरा फिगर स्केटिंगकडे वळवला. आणि मग २६ नंबरची एस्टर लेडेत्स्का आली. मुळात स्नोबोर्डवाली, पायात मिकाएला शिफ्रिनच्या वापरातल्या स्की. फाइटपेक्षा एक शतांश सेकंद कमी वेळात खाली. खाली पोहोचल्यावर ती फळ्याकडे नुसती बघत उभी राहिली, घड्याळ चुकलंय असंच तिला वाटत होतं. त्याच ऑलिंपिकमध्ये पुढे स्नोबोर्डचंही सुवर्ण तिनं घेतलं. म्हणून म्हणतो, पहिल्या वीस जणी झाल्या की चहा टाकायला उठू नका. समालोचक निकाल लावून मोकळे झाले तरी.

२००२ च्या सॉल्ट लेक सिटीचा स्टीव्हन ब्रॅडबरी तुम्हाला माहीत असेलच. शॉर्ट ट्रॅकच्या, म्हणजे बर्फाच्या छोट्या रिंगणातल्या स्केटिंगच्या, एक हजार मीटर शर्यतीत सगळ्यात मागे होता, शेवटच्या वळणावर पुढचे चौघे एकमेकांत अडकून पडले आणि हा उभ्या उभ्या रेषा ओलांडून गेला. ऑस्ट्रेलियाचं हिवाळी ऑलिंपिकमधलं पहिलं सुवर्ण. घरच्यांना हसवायचं असेल तर ही शर्यत दाखवा, लगेच पार्टी बदलतात. माझ्याकडे आईला कर्लिंगनं जिंकलं. त्यात बर्फावरून दगड सरकवतात आणि त्याच्यापुढे झाडूनं बर्फ घासत जातात. आधी "फरशी पुसायला एवढी माणसं?" झालं. पण हा बर्फावरचा कॅरमच आहे, समोरच्याची सोंगटी उडवायची आणि आपली मध्यात ठेवायची, एवढं सांगितल्यावर तीच मला "आता हा दगड मारून काढेल बघ" असं सांगायला लागली. दगड जवळपास वीस किलोपर्यंत असतो, आणि ऑलिंपिकचे दगड स्कॉटलंडजवळच्या एल्सा क्रेग बेटावरच्या ग्रॅनाइटचे. हे ऐकून तिचा आदर आणखी वाढला. पाटा-वरवंटा वापरलेल्या माणसाला दगडाची किंमत कळते.

तुम्ही विचारलंय सुरुवात कशानं करू. इथे मतभेद होतील, झाले तरी चालतील. फिगर स्केटिंगनं करू नका. सुंदर आहे, मान्य, पण गुण कसे दिले यावर रात्रभर भांडण होतं. गाड्यांवरून आला आहात तर डाउनहिल आणि बायथलॉन बघा. डाउनहिलमध्ये पडद्यावरचा हिरवा-लाल आकडा म्हणजे पुढे-मागे किती, बस. टॉप गिअरच्या ट्रॅकवरची लॅप जशी बघता तसंच, वळणात घुसताना कोण आधी घाबरलं ते बघायचं. बायथलॉन म्हणजे बर्फावरून स्की करत पळायचं आणि मध्ये थांबून बंदूक चालवायची; त्यात तर दम लागलेल्या माणसानं ५० मीटरवरचे पाच नेम धरायचे. पडून मारताना लक्ष्य फक्त ४५ मिलिमीटरचं, उभं राहून ११५. स्प्रिंट या छोट्या शर्यतीत एक चुकला की १५० मीटरचा जादा फेरा. छाती भात्यासारखी हलत असते आणि बंदुकीचं टोक स्थिर ठेवायचं. उभं राहून मारायच्या शेवटच्या फेरीत आघाडीवरच्याचे दोन-दोन नेम हुकतात तेव्हा माझ्या तोंडून जे निघतं ते इथे लिहीत नाही.

आणि तो शिवा केशवन. तुमच्या पोस्टीत त्याचं नाव नव्हतं म्हणून मुद्दाम. मनालीकडचा मुलगा, ल्यूजमध्ये, म्हणजे बर्फाच्या नळीसारख्या वाटेवरून स्लेजवर पाठीवर झोपून घसरायच्या खेळात, १९९८ च्या नागानोपासून २०१८ पर्यंत सहा हिवाळी ऑलिंपिक. आपल्याकडे ल्यूजचा ट्रॅकच नाही, तर हा माणूस चाकं लावलेल्या स्लेजवर पाठीवर झोपून हिमालयातल्या घाटातून सराव करायचा, ट्रक आणि मेंढ्या चुकवत. क्लार्कसननं कितीही स्टंट केले तरी हे त्याच्याच्यानं झालं नसतं. २०१४ ला सोचीत उद्घाटनाला त्याला तिरंग्याऐवजी ऑलिंपिकच्या झेंड्याखाली चालावं लागलं, कारण आपली ऑलिंपिक संघटना निलंबित होती. म्हणजे ऑफिसनं खेळ घालवणं हे फक्त माझ्याच वाट्याला आलेलं नाही. २०२२ ला बीजिंगला गेलेला एकमेव भारतीय, गुलमर्गकडचा आरिफ खान, जायंट स्लालममध्ये, म्हणजे फाटकांमधून वळत उतरायच्या स्की शर्यतीत, ४५ वा आला. लोक ४५ आकड्यावर हसले. त्यातले बरेच जण बर्फ फक्त फ्रीजमध्ये बघितलेले.

थोडं भरकटलो. किरकोळ सूचना: मोबाइलवरून टीव्हीवर वायफायनं चित्र पाठवू नका, डाउनहिलमध्ये ते अडकतं. सरळ वायर लावा. राउटर इन्व्हर्टरवर घ्या, आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही. शर्यतीच्या वेळा युरोपच्या घड्याळानं दिलेल्या असतात, हिवाळ्यात साडेचार तास मिळवा. मार्चच्या शेवटी त्यांची घड्याळं पुढे जातात, मग साडेतीनच, पण तोवर मोसम बहुतेक संपलेला असतो. आणि गाडी घ्यायची असेल तर टॉप गिअर बघून घेऊ नका. ज्या शेव्हरोले लॅसेटीतून तिथे नट-नट्या चकरा मारायच्या ती आपल्याकडे ऑप्ट्रा म्हणून विकली गेली. माझ्या मेहुण्याला त्या कौतुकापायी सेकंडहँड ऑप्ट्रा घ्यावीशी वाटली, सुटे भाग शोधता शोधता जीव गेला.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, टॉप गिअरनं मिनी गाडी खरंच स्की जंपवरून, म्हणजे स्कीवाले हवेत झेप घेतात त्या उतारावरून, सोडली होती का. हो. २००६ चा हिवाळी ऑलिंपिकचा खास भाग, जागा नॉर्वेतलं लिलहॅमर, जिथे १९९४ चं हिवाळी ऑलिंपिक झालं. मिनीला रॉकेट बांधली होती, तरी स्की जंपर माणूसच लांब गेला. त्याच भागात क्लार्कसन आणि मे यांनी ऑडी क्यू७ आणि व्होल्वो एक्ससी९० घेऊन बायथलॉनही केलं. आधी खरं बायथलॉन बघा, मग हा भाग, म्हणजे त्यांचा बावळटपणा नीट कळेल.

ऑफिसनं तुम्हाला जी काही पावती दिली असेल तिचा फोटो इथे टाका, नाव आणि ग्राहक नंबर झाकून. त्यावर चॅनलांची यादी आणि मुदत लिहिलेली आहे का एवढं बघून सांगतो. नसेल तर आज संध्याकाळीच जा, साहेब जेवायला जायच्या आत.