पश्चात्ताप की परतणे?

दापोलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे: "आमच्या मंडळीच्या तरुण संघातले काही जण दोन-तीन वर्षे विश्वासात थंड पडले होते. आता ते पुन्हा उपासनेला येऊ लागले आहेत. त्यांच्यासाठी एक सभा ठेवली आहे आणि फलकावर 'बॅकस्लायडर्ससाठी पश्चाताप सभा' असे लिहायचे चालले आहे. बॅकस्लायडरला मराठी शब्द आहे का? आणि पश्चाताप व प्रायश्चित्त यांत फरक काय?"

ताई, फलक रंगवायला दिला नसेल तर आधी एक त वाढवा. शब्द 'पश्चात्ताप' असा आहे. पश्चात् अधिक ताप. पहिल्याच्या शेवटी एक त्, दुसऱ्याच्या आरंभी एक त. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत सभांचे जेवढे फलक मी वाचले, त्यांतल्या बहुतेकांवर हा त एकटाच उभा असतो. एका छापखान्यात मी चूक दाखवली तर "बोलताना कुठे फरक कळतो?" असे मला विचारले गेले. कळतो. 'पश्चात्ताप' म्हणताना जीभ दातांमागे क्षणभर अडते, आणि शब्दाचा अर्थही तिथेच आहे: कृत्य आधी होऊन गेले, चटका मागून बसतो. तत्त्व, महत्त्व, सत्त्व यांतलाही एकेक त सोपेपणाच्या नावाखाली काढून टाका म्हणणारे आहेत. त्यांच्याशी माझे जमणार नाही. सांधा काढलात की शब्द कशाचा झाला आहे हे सांगणारे काहीच उरत नाही.

प्रायश्चित्ताचे लवकर सांगतो. पश्चात्ताप होतो, प्रायश्चित्त करावे लागते. इतपत सगळ्यांनाच ठाऊक असते. मराठी ख्रिस्ती माणसाची खरी अडचण निराळी आहे. वसईच्या कॅथलिक घरात रोजच्या बोलण्यातले 'प्रायश्चित्त' म्हणजे पापनिवेदन झाल्यावर धर्मगुरू करायला सांगतात ती प्रार्थना किंवा ते सत्कृत्य. आपल्या बायबलात योहानाच्या पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय उघडा: तिथे ख्रिस्त हाच आपल्या पापांबद्दलचे प्रायश्चित्त आहे. एकाच्या बोलण्यात ते मी करायचे असते, दुसऱ्याच्या बोलण्यात ते माझ्यासाठी होऊन गेलेले असते. दोघांचा ख्रिस्त एकच, वधस्तंभ एकच, पण शब्द ऐकताना कान दोन दिशांना जातात. म्हणून फलकावर हा शब्द नको. शिवाय "देवाने त्याला चांगले प्रायश्चित्त दिले" असे शिक्षेच्या अर्थाने जे बोलले जाते ते तर साफ चूक आहे.

आता पश्चात्तापाचे भाऊबंद पाहा. 'पस्तावा' हा वेगळा शब्द नव्हे. पश्चात्ताप, प्राकृतात पच्छाताव, मराठीत पस्तावा: तोच माणूस घरच्या कपड्यांत. संतांना 'अनुताप' प्रिय. तिन्ही शब्दांत ताप आहे. तिन्हींत जळणे आहे, पोळणे आहे. चूक केलेल्याने जागचे हलायचे आहे, हे मात्र तिन्हींपैकी एकही शब्द सांगत नाही.

इथे एका वक्त्यांशी माझा वाद झाला, तो सांगतो. त्यांनी कन्व्हेन्शनमध्ये 'मेटानोइया' हा नव्या करारातला, पश्चात्तापासाठीचा ग्रीक शब्द फळ्यावर लिहिला, 'मेटा' म्हणजे बदल, 'नोइया' म्हणजे मन अशी फोड केली आणि जाहीर केले की पश्चात्ताप हे भाषांतरच चूक आहे, 'मनपरिवर्तन' लिहा. शब्द फोडून आरंभ करता येतो, निवाडा करता येत नाही. तो वापर पाहून करायचा असतो. बाप्तिस्मा करणारा योहान यहूदीयाच्या रानात ओरडत होता तो जुन्या संदेष्ट्यांच्याच आवाजात, आणि त्या संदेष्ट्यांची हाक मत बदला अशी नव्हती. त्यांचे हिब्रू क्रियापद 'शूव' होते. शूव म्हणजे वळणे, फिरणे, परत येणे. पायांनी करायची गोष्ट. लूकच्या बाविसाव्या अध्यायात प्रभू येशू आपल्या पेत्र या शिष्याला, तू मला नाकारशील, हे आधीच सांगतो, तेव्हाही तुझे मन बदलले म्हणजे असे म्हणत नाही. तू वळलास म्हणजे आपल्या भावांना स्थिर कर, असे म्हणतो. ग्रीकमध्येही तिथे वळण्याचेच क्रियापद आहे. मनपरिवर्तन निवडणुकीच्या आदल्या रात्री मतदारांचेही होते. पेत्राचे झाले ते वळणे होते.

आणि वळण्यासाठी मराठीत जो शब्द आहे त्यासारखा दुसरा मला माहीत नाही. परतणे.

संस्कृत धातू वृत्, म्हणजे वळणे, फिरणे. आवर्तन, निवृत्ती, परिवर्तन, परावृत्त हे पंडितांच्या घरचे शब्द सोडून देऊ. घरातले घेऊ. 'वाट' त्याच धातूची, वर्त्म वरून आलेली. दिव्याची 'वात' त्याचीच, वर्ति वरून, कारण ती वळलेली असते. 'वाटोळे' त्याचेच, वर्तुळ वरून. आणि मराठीत वाटोळे झाले म्हणजे सत्यानाश झाला. 'परतणे'सुद्धा त्याच घरचे. परा जोडून वृत् आले की परि जोडून, यावर भांडायचे तर भांडा. मी परावृत्ताच्या बाजूचा आहे, कारण अर्थ तिथेच थेट पोचतो. आता हे चारही शब्द शेजारी ठेवा. वाट चुकते, वाटोळे होते, वात मिणमिणते, माणूस परततो. यशयाच्या बेचाळिसाव्या अध्यायात परमेश्वराचा सेवक जी मिणमिणती वात विझवत नाही, ती वात आणि परतणारा माणूस एकाच धातूचे आहेत, आणि हे फक्त मराठीत वाचणाऱ्याला दिसते. मूळ हिब्रूत तिथे जवसाचा धागा आहे.

पण याहून मोठी गोष्ट स्वयंपाकघरात आहे. कांदा परता, भाजी परता, तव्यावरची बांगड्याची तुकडी परता. क्रियापद तेच. खाली विस्तव असतो आणि वर हात फिरता असतो. हात थांबला की काय होते? करपते. ताप तेवढाच, भांडे तेच, परतले नाही म्हणून करपले. पश्चात्ताप आणि परतणे यांतला फरक मला याहून नीट कोणी समजावलेला नाही. प्रभूला धरून देणाऱ्या यहूदा इस्कार्योतालाही ताप झाला होता. मत्तयाच्या सत्ताविसाव्या अध्यायात तो तीस नाणी परत करायला जातो. नाणी परतली, माणूस परतला नाही. तिथले ग्रीक क्रियापदही मेटानोइयाचे नाही, नुसत्या हळहळण्याचे आहे.

पेत्राचे पाहा. नाकारतो तेव्हा तो निखाऱ्यांच्या शेकोटीजवळ उभा आहे. त्या निखाऱ्यांना ग्रीकमध्ये 'अन्थ्राकिया' म्हणतात आणि अख्ख्या नव्या करारात हा शब्द दोनदाच येतो: योहान १८ मध्ये, जिथे तो नाकारतो, आणि योहान २१ मध्ये, जिथे तिबिर्याच्या सरोवरकाठी प्रभूने निखारे पेटवून त्यांवर मासळी ठेवली आहे. रात्रभर जाळे रिकामे, पहाटे एकशे त्रेपन्न मासे, आणि मचवा किनाऱ्यापासून दोनशे हातांवर असताना पेत्राने पाण्यात घेतलेली उडी. दोनशे हात म्हणजे साधारण नव्वद मीटर. आपल्या किनाऱ्यावरच्या कोणालाही हे चित्र समजावून सांगावे लागत नाही. निखारे तेच, मग तीन नकारांवर तीन वेळा तोच प्रश्न: माझ्यावर प्रीती करतोस का? त्याच विस्तवावर त्याला परतले.

हे मी कोशातून शिकलो नाही. वडील गेल्यावर सव्वादोन वर्षे मी उपासनेला गेलो नव्हतो. बायबल कपाटात होते, प्रार्थना जिभेवर येत नव्हती. भेटायला येणारे विचारत, पश्चात्ताप होतो का? होत होता, रात्रंदिवस होत होता. मी एकाच बाजूवर पडून जळत होतो. एका रविवारी मंदिराच्या पायरीपर्यंत गेलो आणि तिथेच थबकलो. आमच्या पाळकांच्या आई बाकावरून उठून बाहेर आल्या आणि एवढेच म्हणाल्या, "परतलास? ये."

हिब्रूकडे पुन्हा येतो, कारण खरे नवल तिथे आहे. जाणे आणि येणे ही दोन्ही त्या भाषेत शूव याच धातूत बसतात. विश्वासातून मागे सरणे म्हणजे 'मशूवा'. देवाकडे परतणे म्हणजे 'तेशूवा'. यिर्मयाच्या तिसऱ्या अध्यायात देव म्हणतो, "शूवू, बानीम शोवावीम": परता, फिरलेल्या लेकरांनो. तुमचा रोग आणि तुमचे औषध एकाच धातूचे. मराठीतले 'फिरणे' हुबेहूब असे चालते. साक्षीदार फिरला म्हणजे उलटला. आणि वाटेवरून मागे फिरला म्हणजे बचावला. पेत्र हा फिरलेला साक्षीदार, आणि फिरलेला शिष्यही तोच.

ही हिब्रू आपल्या कोकणाला परकी नाही. अलिबागजवळच्या नवगावला बेने इस्राएलांचे, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुद्यांचे, पूर्वज जहाज फुटून किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे आपले शनिवार तेली. स्कॉटिश मिशनरी १८२३ साली बाणकोटला उतरले, पुढे हर्णैला गेले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले ते १८३२ साली. बेने इस्राएलांचा धर्म आपल्याहून निराळा, पण शूव हा शब्द त्यांचा आणि आपल्या जुन्या कराराचा एकच. त्यांच्या नव्या वर्षापासून योम किप्पूरपर्यंतचे, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपासाच्या दिवसापर्यंतचे दिवस हे तेशूवाचे, परतण्याचे दहा दिवस. आणि त्या योम किप्पूरला कोकणातल्या जुन्या पिढीचे नाव काय होते? दारफळणीचा सण. दारे लावून घ्यायची, उपास करायचा, बाहेर पडायचे नाही.

या 'फळणी'वर मी बरीच वर्षे विचार करतो आहे. माझा तर्क असा: फळणी 'फळी'वरून. जुन्या दुकानांना कवाडे नसत. खाचेत एकेक फळी सरकवून दुकान बंद करत. घाणेवाल्या तेल्याला ही रीत अंगवळणी असणार. दार फळणे म्हणजे दाराला फळ्या लावणे. योम किप्पूरच्या शेवटच्या प्रार्थनेला 'नेईला' म्हणतात, त्याचाही अर्थ दार लावणे असाच होतो, म्हणून सणाचे नाव त्या प्रार्थनेचे भाषांतर असावे असे कोणालाही वाटेल. मला ते मान्य नाही. जुन्या काळी या समाजाकडे हिब्रू प्रार्थना जवळजवळ उरल्याच नव्हत्या, 'शेमा' ही एक प्रार्थना तेवढी तोंडी टिकली होती. प्रार्थना विसरलेल्या लोकांनी प्रार्थनेच्या नावाचे भाषांतर कसे केले असेल? नाव डोळ्यांसमोरच्या कृतीवरून पडले, फळ्या लावण्यावरून. आणि ही 'फळी' संस्कृत 'फलक'ची लेक आहे. तुम्ही ज्याच्याबद्दल विचारलेत तोच फलक, ताई.

'श्रद्धेला ओहोटी लागली' असे तुमच्या संघात कोणी म्हणत असेल तर थांबवा. ओहोटीला दोष नसतो. ती चंद्राच्या ओढीने दिवसातून दोनदा येते, रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते, आणि भरती आपोआप येते. कोणी काही करावे लागत नाही. प्रभूच्या दाखल्यातल्या उधळ्या पुत्राच्या पायांखाली भरती आली नव्हती. तो डुकरांच्या शेंगांजवळून उठून चालू लागला.

तेव्हा बॅकस्लायडरला 'मागे सरलेला' किंवा 'दुरावलेला' म्हणा. पण ही मुले उपासनेला आली आहेत, म्हणजे आता ती दुरावलेली नाहीत. फलकावर जुने नाव कशाला? 'परतलेल्यांची उपासना' लिहा. आपल्याकडे गौरी-गणपतीला माहेरी येणाऱ्या लेकीला माघारीण म्हणतात. ती दारात परवानगी मागत उभी राहत नाही. उधळ्या पुत्राने मोलकऱ्याची जागा मागायचे मनात जुळवून ठेवले होते; बापाने ते वाक्य पुरे होऊ दिले नाही. पश्चात्ताप हा शब्द आतल्या प्रार्थनेत येऊ द्या, दोन्ही त घेऊन.

आणि एक विनंती. दापोली-हर्णैकडे कोणी वृद्ध माणूस अजून 'दार फळ' असे म्हणताना ऐकू आला तर मला कळवा. क्रियापद नुसत्या दाराला लागते की दुकानालाही, आणि फळ्या काढण्याला वेगळा शब्द आहे का, तेही विचारून ठेवा.