हप्ते, नोकरी आणि ‘नाही’ म्हणण्याची मुभा

“खर्च कमी केला तर नोकरीचा फास सैल होईल, हे पटतं हो. पण घरात विषय काढला की भांडण होतं, आणि दोन महिन्यांत मीही पुन्हा पहिल्यासारखाच.” थोड्याफार फरकाने हे गाऱ्हाणं माझ्याकडे समुपदेशनाला येणारे बरेच जण मांडतात. त्यातलीच ही एक केस. नवरा-बायको दोघांची संमती घेतली आहे आणि ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

गृहस्थ चाळिशीतले, पगार चांगला. आले ते झोपेची तक्रार घेऊन. रविवारी दुपारपासूनच छातीवर दडपण यायचं. डॉक्टरांच्या तपासण्या सगळ्या नॉर्मल. नोकरी बदलावीशी वाटते का, असं विचारलं तर हसले. “मॅडम, दोन महिने पगार आला नाही तर हप्ते थकतील. बदलायचं कुठून?” मग जरा थांबून म्हणाले, “खरं तर यातले निम्मे हप्ते याच नोकरीच्या वैतागातून घेतलेत.”

ते वाक्य मी वहीत उतरवून घेतलं. सगळी केस त्यातच होती.

काटकसरीचा प्रयोग त्यांनी एकदा करून पाहिला होता. कार्डाचं बिल बघून एका रात्री जेवताना फर्मान काढलं: बाहेरचं खाणं बंद, सहल रद्द, सगळी सबस्क्रिप्शन्स बंद. तीन आठवडे घर धुमसत राहिलं आणि चौथ्या आठवड्यात यांनीच महागडे हेडफोन मागवले. पत्नी पहिल्यांदा माझ्याकडे आल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, “यांना उपरती झाली की उपास आम्ही करायचे!”

मी त्यांना सांगितलं, महिनाभर काहीही कमी करू नका, फक्त लिहा. रक्कम, आणि तिच्याशेजारी त्याआधीच्या दोनेक तासांत काय घडलं ते. माणसं रक्कम लिहितात आणि दुसरा रकाना टाळतात, म्हणून त्याचा आग्रह धरावा लागतो. यांनी प्रामाणिकपणे लिहिलं. “मंगळवार, रात्री पावणेबारा, घड्याळाचा नवा पट्टा. आधी: साहेबांनी सगळ्यांसमोर रिपोर्ट परत केला.” “शुक्रवार, बूट. आधी: शनिवारी यावं लागेल असा मेसेज.” रविवारच्या नोंदी तर जवळपास सगळ्या संध्याकाळच्या, आणि त्यांच्यापुढे एकच शब्द: सोमवार.

वही मिटून ते म्हणाले, “म्हणजे पगारातला बराचसा भाग मी ही नोकरी सहन करण्यासाठीच खर्च करतोय.” मला वेगळं काही सांगावं लागलं नाही.

या खरेदीचा आनंद टिकत का नाही, हेही त्यांना जाणून घ्यायचं होतं. माणूस नव्या सुखाला लवकर सरावतो आणि मनाची पातळी पुन्हा जवळपास जुन्या जागी येते, असं ब्रिकमन आणि कॅम्पबेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये मांडलं. वस्तूची नवलाई संपते, हप्ता मात्र चालू राहतो. पैसे कसे देतो यानेही फरक पडतो. प्रेलेक आणि सिमेस्टर यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सामन्याच्या तिकिटांसाठी बोली लावायची होती. कार्डाने पैसे द्यायचे असं ज्यांना सांगितलं, त्यांनी रोखीवाल्यांच्या जवळजवळ दुप्पट बोली लावली. यांनी मग मोबाइलमध्ये साठवलेले कार्डाचे तपशील काढून टाकले. रात्री पावणेबाराला उठून पाकीट शोधायचा कंटाळा येतो, आणि तेवढ्या कंटाळ्याने बरंच काम होतं.

पण त्यांना खरं हलवलं ते एका साध्या हिशेबाने. कमाईतले ९५ टक्के खर्च होत होते. उरलेल्या ५ टक्क्यांत, वर्षभर राबून, त्यांचं घर चालणार किती दिवस? १९. तीच कमाई ठेवून खर्च ८० टक्क्यांवर आला तर एका वर्षाची शिल्लक ३ महिने पुरते, कारण शिल्लक वाढते आणि शिवाय महिन्याची गरजही उतरते. पगारवाढीने हे होत नाही. वाढीबरोबर खर्चही वाढला की दिवस तेवढेच. हा कागद त्यांनी घडी घालून खिशात ठेवला.

आता पत्नीची बाजू. खर्चाचं भांडण आकड्यांवरून सुटत नाही असा माझा अनुभव आहे, कारण ते मुळात आकड्यांचं नसतंच. त्यांचं बालपण ओढगस्तीत गेलेलं. मोठ्या बहिणीचे कपडे, फी भरली नाही म्हणून वर्गात उभं राहणं. भरलेलं कपाट उघडलं की ते दिवस संपले अशी त्यांची खात्री पटायची. नवरा “साधं राहू या” म्हणाला की त्यांना ऐकू यायचं, “परत तिकडे जाऊ या.” हे त्या सत्रात पहिल्यांदा बोलल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्याला फीचा तो प्रसंग माहीतच नव्हता.

त्यानंतर बोलणी वेगळी झाली. काय बंद करायचं हे बाजूला ठेवून, काय अजिबात हलवायचं नाही हे आधी ठरलं: मुलांच्या फिया, विमा, आणि वर्षातून एकदा चौघांनी कुठेतरी जाणं. दोघांना दरमहा ठरावीक रक्कम, जिचा हिशेब दुसऱ्याने विचारायचा नाही. ही अट पत्नीची होती आणि मला ती फार आवडली. दुसरी गाडी विकली. नवं कर्ज नाही. सहा महिन्यांच्या खर्चाची गंगाजळी पत्नीच्या ताब्यातल्या खात्यात जमू लागली, आणि कपाट करायचं ते काम आता त्या खात्यातली रक्कम करू लागली.

गंगाजळी अर्धी भरली असताना त्यांनी साहेबांना सांगितलं, शनिवारी जमणार नाही. आकाश कोसळलं नाही. बढती मात्र हुकली, आणि ती बोच त्यांना बरेच दिवस लागून राहिली. झोप सुधारली, रविवारचं दडपण कमी झालं, गेलं नाही. एक गोष्ट त्यांना अनपेक्षित होती. खरेदी थांबल्यावर संध्याकाळी हात रिकामे पडले आणि चिडचिड वाढली. हे बहुतेकांचं होतं. तो वेळ कशाने भरायचा हे आधी ठरवलं नाही तर मोबाइल पुन्हा हातात येतोच. यांनी अर्धवट सोडलेलं तबल्याचं शिक्षण पुन्हा सुरू केलं.

विचारणाऱ्यांना दोन गोष्टी सांगून ठेवते. मिळकतच अपुरी असेल तर हा सल्ला तुमच्यासाठी नाही. तिथे प्रश्न मिळकतीचा आहे, आणि ओढाताणीत जगणाऱ्याला साधेपणा शिकवणं मला क्रूर वाटतं. आणि खरेदी लपवावी लागत असेल, उसनवारी करून होत असेल, थांबवू म्हटलं तरी थांबत नसेल, तर वही पुरणार नाही, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. साधेपणाच्या नावाखाली बायकोच्या पै-पैचा हिशेब मागणारे नवरेही मी पाहिले आहेत. त्याला मी काटकसर म्हणत नाही, तो जाच आहे.

या दोघांचा घराचा प्रश्न अजून लोंबकळतो आहे. लहान घरात गेलं तर सगळ्यात मोठा हप्ता जाईल, असं ते म्हणतात. पत्नीची तयारी नाही, आणि गंगाजळी पूर्ण भरेपर्यंत हा विषय काढायचा नाही असं दोघांनी ठरवलंय.