पहिल्याच कार रेसमध्ये उतरतोय. गाडीत आधी काय बदलू, आणि शेवटचा आलो तर?

तुमच्या प्रश्नातून कळलं ते असं: गाडी जुनी, छोटी हॅचबॅक. ट्रॅकवर आजवर दोनदाच चालवलीत, तीही मोकळ्या ट्रॅकवर. रेसला महिना उरलाय आणि हातातल्या पैशांत एक्झॉस्ट बदलायचा की सस्पेन्शन, हे ठरत नाहीये. जाता जाता हळूच विचारलंय, शेवटचा आलो तर?

आलात तर आलात. मी पहिल्या रेसमध्ये शेवटून दुसरा होतो, आणि माझ्या मागे जो होता त्याची गाडी तिसऱ्या लॅपलाच, म्हणजे ट्रॅकच्या तिसऱ्या चकरेलाच, बंद पडली होती. म्हणजे खरं काय ते समजून घ्या.

एक्झॉस्ट नको, सस्पेन्शनही नको. आधी ब्रेक ऑइल बदला.

हे इतकं ठासून सांगतोय, कारण मी बदललं नव्हतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषत राहतं आणि त्याचा उत्कलनबिंदू घसरत जातो. डॉट ४ प्रकारचं ऑइल नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, असं मानक आहे. ओलावा मुरलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. रोजच्या रस्त्यावर हा फरक कधी जाणवत नाही. ट्रॅकवर मात्र दर लॅपला चार-पाच वेळा जोरात ब्रेक लागतात, मधे थंड व्हायला उसंत नसते, ऑइल उकळतं आणि पाइपमध्ये वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. त्यामुळे तुम्ही पेडल दाबता आणि ते नुसतं खाली जातं.

माझं पाचव्या लॅपला गेलं. सरळ पट्टा संपत आला होता, पुढे उजवं वळण, आणि पेडल थेट तळाला. भराभर तीन-चारदा पंप केलं तेव्हा थोडा ब्रेक धरला, बाकीचं काम वळणाबाहेरच्या खडीने केलं. गाडीला काही झालं नाही, पण दरवाजे उघडताना आत खडी सांडली. मला आजही बोचतं ते निराळंच. आधीच्या लॅपला पेडल जरा मऊ लागलं होतं, आणि मी स्वतःची समजूत घातली होती की असेल, भास असेल. पेडल मऊ लागलं की तो लॅप तिथेच सोडायचा, हळू चालवत पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या गाड्या थांबायच्या जागेत, यायचं. तर नवं ऑइल भरा, ब्रेकच्या पाइपमधली सगळी हवा काढून घ्या, आणि पैसे उरले तर जास्त उष्णता झेलणारे ब्रेक पॅड टाका. वेग १०० वरून १२० झाला की थांबवायची ऊर्जा ४४ टक्क्यांनी वाढते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हे सगळं शेवटी ब्रेकवर येतं.

बाकी तयारी कंटाळवाणी आहे. इंजिन ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरा, कारण लांब वळणात ते एका बाजूला जाऊन पंपाला हवा ओढावी लागू शकते. पेट्रोलचंही तसंच, टाकी तळाला नेऊ नका. चाकांचे नट प्रत्येक फेरीनंतर टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने तपासा, अंदाजाने नाही. बॅटरी हलवून बघा, हलली तर स्क्रुटिनीत, म्हणजे रेसआधीच्या गाडीच्या तपासणीत, तिथेच अडकाल. गाडीतली सुटी वस्तू एकूण एक बाहेर काढा: पायपुसणं, फोनचा चार्जर, दाराच्या कप्प्यातली नाणी, सीटखाली गेलेली पाण्याची बाटली. ती बाटली ब्रेक लावताना घरंगळत पुढे येते, आणि पेडलखाली जाऊन बसायला तिला तीच वेळ सापडते.

टायरमधली हवा थंड असताना मोजून ठेवा आणि पिटमध्ये शिरताच पुन्हा मोजा. गरम झाल्यावर ४-५ पीएसआय सहज वाढतात. वहीत लिहा. दुसऱ्या फेरीपासून ही वही कुठल्याही महागड्या पार्टपेक्षा जास्त कामाला येते.

हेल्मेटबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, म्हणून शंका आली. मोटारसायकलचं घेऊन जाणार असाल तर आधी नियमपुस्तिका उघडा. स्नेल ही हेल्मेटची मानकं ठरवणारी संस्था, तिच्या कार रेसिंगच्या एसए मानकात आगीची चाचणी असते, मोटारसायकलच्या एम मानकात ती नसते, म्हणून बऱ्याच ठिकाणी दुसरं चालत नाही. मानेच्या संरक्षणाचं उपकरण नियमात सक्तीचं नसलं तरी सीट आणि बेल्ट त्याला जुळणारे असतील तर घ्या. फॉर्म्युला वनमध्येही ते २००३ पासूनच सक्तीचं झालं, त्याआधी नामवंत चालकसुद्धा कुरकुर करायचे.

आता गाडीपेक्षा महत्त्वाचं. तुम्ही मोकळ्या ट्रॅकवर चालवलंय. रेसमध्ये आरशात सतत कोणीतरी असतं, आणि नवखा माणूस तिथे चुकतो तो बहुतेक वेळा चांगुलपणामुळे. मीही तेच केलं. मागून एक वेगवान गाडी आली, निळा झेंडा दिसला, मला वाटलं बिचाऱ्याला वाट द्यावी. वळणाच्या तोंडाशी मी लाइन, म्हणजे वळण घ्यायचा नेहमीचा मार्ग, सोडून आतल्या बाजूला सरकलो. तोही नेमका आतूनच काढायला निघाला होता. आरसा आरशाला घासला, तेवढ्यावर भागलं. नंतर तो माझ्या पिटमध्ये आला, ओरडला नाही, एवढंच म्हणाला, "तू तुझ्या लाइनवर राहा, मला कसं जायचं ते मी बघतो." निळा झेंडा म्हणजे मागे वेगवान गाडी आहे, हे ध्यानात घ्या. म्हणजे अडवायचं नाही, पण दचकून बाजूलाही व्हायचं नाही. द्यायचीच असेल वाट तर सरळ पट्ट्यावर द्या, ॲक्सिलरेटर जरा सैल करून, कुठल्या बाजूने जायचं ते हाताने दाखवून. रस्त्यावर जे सौजन्य असतं, ते इथे मागच्या माणसाला न कळणारी हालचाल ठरतं.

बाकी झेंड्यांत पिवळा हाडात मुरवा: पुढे धोका आहे, वेग कमी, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे रेस थांबली. पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे रस्ता निसरडा, बहुधा कोणाचं तरी ऑइल सांडलंय. काळ्यावर नारिंगी गोल तुमच्या नंबरासोबत दिसला तर तुमच्या गाडीत बिघाड आहे आणि तो तुमच्याआधी मार्शलला, म्हणजे ट्रॅककडेला झेंडे दाखवणाऱ्या माणसाला, दिसलाय, पिटमध्ये या. पांढऱ्याचा अर्थ मात्र जागोजागी बदलतो, कुठे पुढे संथ गाडी, कुठे शेवटचा लॅप, म्हणून चालकांच्या बैठकीत कान देऊन ऐका. पहिल्या सरावात वेग विसरून फक्त मार्शलच्या चौक्या मोजा. कोणती कुठल्या वळणाला आहे हे ठाऊक असेल तर रेसमध्ये नजर आपोआप तिकडे जाते. ताशी १२० ने जाताना एका सेकंदात ३३ मीटर मागे पडतात, शोधत बसायला वेळ नसतो.

सुरुवात मागून करायची मुभा असेल तर मागूनच करा. पहिल्या वळणावर सगळे एकदम ब्रेक लावतात आणि रांग अकॉर्डियनसारखी आवळली जाते. टायर थंड, ब्रेक थंड, डोकी तेवढी गरम. रोजच्यापेक्षा बरंच आधी ब्रेक लावा आणि पुढच्या गाडीच्या बंपरकडे बघू नका, तिच्या काचेतून पलीकडे बघा. बंपरवर डोळे खिळले तर पुढचा चुकला की तुम्हीही चुकता.

दोन चाकं ट्रॅकबाहेर गेली तर स्टेअरिंग झटक्यात आत ओढू नका. गवतावरची चाकं अचानक डांबरावर पकड घेतात आणि गाडी आडवी होऊन ट्रॅकच्या दुसऱ्या बाजूला जाते. सरळ जाऊ द्या, वेग पडू द्या, मग सावकाश आत घ्या. वळणाच्या मध्यात घाबरून ॲक्सिलरेटर एकदम सोडू नका, छोट्या हॅचबॅकची शेपूट त्यानेच सुटते. आणि फिरलीच गाडी, तर क्लच आणि ब्रेक दोन्ही पूर्ण दाबा. मग मागच्यांना कळतं की तुम्ही कुठे जाऊन थांबणार.

रेस संपल्याच्या काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या चेकर्ड झेंड्यानंतर एक लॅप निवांत, ब्रेक जवळजवळ न लावता काढा, म्हणजे सगळं थंड होईल. हातवारे करणाऱ्या मार्शलना हात करा. पिटमध्ये उभं राहिल्यावर सवयीने हँडब्रेक ओढाल, तो ओढू नका, तापलेले पॅड चिकटून बसतात. पहिल्या गिअरमध्ये टाका, चाकाला लाकडाचा ठोकळा लावा. ठोकळा घरूनच घेऊन जा, तिथे ऐन वेळी कोणाकडेच नसतो.