हर्णैला जाण्याआधी

जूनमध्ये हर्णै बंदरात खलाशांच्या दारू पिण्यावर फील्डवर्क सुरू करते आहेस म्हणालीस, म्हणून लिहितोय. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. होड्या वर ओढलेल्या, खलाशी घरी, वेळ भरपूर, पैसा आटलेला. त्या दोन महिन्यांतलं पिणं म्हणजे वर्षाचं पिणं नव्हे. पहिली मुलाखत बंदीत घेतलीस, तर पुढची नारळी पौर्णिमेनंतर घे आणि तिसरी पुढच्या बंदीत. नाहीतर फरक सुधारणेचा की हंगामाचा, हे तुझ्या गाइडलाही सांगता येणार नाही.

दारूची सवय मोजणाऱ्या ‘ऑडिट’ प्रश्नावलीत १० प्रश्न. त्यातलं एक ड्रिंक म्हणजे १० ग्रॅम अल्कोहोल. माणूस ‘एक क्वार्टर’ म्हणतो आणि नवखा १ लिहून मोकळा होतो. ४२.८ टक्क्यांची १८० मिलीची क्वार्टर म्हणजे सुमारे ६१ ग्रॅम, सहा ड्रिंक! माडीचं तर विचारूच नकोस, सकाळची संध्याकाळी तीच राहत नाही. म्हणून रिकामी बाटली, ग्लास दाखवून विचार.

मी पहिल्या वर्षी एका खलाशाच्या ओटीवर, घरातली सगळी ऐकत असताना फॉर्म काढला. ते म्हणाले, “नाय ओ, सणासुदीला कधीतरी.” चार दिवसांनी ते जाळं दुरुस्त करत होते, मी शेजारी बसलो, तेव्हा हात न थांबवता त्यांनी सगळं सांगितलं. ते वापरायला संमती पुन्हा विचारली. ते नाही म्हणाले, मी लिहिलं नाही.

एए, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या मीटिंगला जाशील तर ओपन, म्हणजे बाहेरच्यांनाही बसता येतं अशा मीटिंगलाच, तेही वही घरी ठेवून. आणि ऑगस्टमध्ये लिलावाच्या वेळी बंदरावर मुलाखत मागू नकोस, कोणी ढुंकून बघणार नाही.